लंडनच्या कॅम्डेनमध्ये राहायला येताय? पहिल्या दोन महिन्यांत काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला यूसीएलला (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला) ॲडमिशन मिळाली आणि तेव्हापासून मला रोज चार-पाच व्हॉइस नोट येतात. मावशी, कॅम्डेन आणि कॅम्डेन टाऊन एकच का गं? मावशी, कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच ना, मग ती भाडेकरूने का भरायची? मावशी, तिथे डॉक्टरकडे जायला पण आधी फॉर्म? शेवटी म्हटलं एकदाच सगळं बसून लिहून काढते, तिलाही पाठवते आणि अजून कोणी येत असेल तर त्यांनाही होईल. मी आधी दीड वर्ष किलबर्नला होते आणि आता काही वर्षं केंटिश टाऊनला आहे, म्हणजे आल्या आल्या ज्या चुका करायच्या असतात त्या सगळ्या रीतसर करून झाल्यात.

सगळ्यात आधी एक सांगते. इथली कामं एकमेकांत अडकलेली आहेत. बँक म्हणते पत्त्याचा पुरावा आणा, पुराव्यासाठी घर लागतं, घरासाठी एजंट म्हणतो बँक स्टेटमेंट दाखवा. क्रम चुकला की महिना असाच जातो. म्हणून खाली ज्या नंबरने लिहिलंय त्याच नंबरने करा.

१. आधी बरो म्हणजे काय ते समजून घ्या

लंडनमध्ये ३२ बरो आहेत आणि सिटी ऑफ लंडन वेगळी. प्रत्येक बरोची आपली कौन्सिल. आपल्याकडच्या वॉर्ड ऑफिससारखं वाटतं पण ही कौन्सिल निवडून आलेली असते, स्वतःचा टॅक्स घेते आणि कचरा, पार्किंग, शाळांचे प्रवेश, लायब्ऱ्या, बांधकामाच्या परवानग्या हे सगळं तिच्याकडे असतं. ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बस मात्र महापौरांच्या टीएफएल या वाहतूक संस्थेकडे, दवाखाने एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडे. हे कळलं नाही की माणूस चुकीच्या ठिकाणी ईमेल करत बसतो आणि दोन आठवड्यांनी 'हे आमच्याकडे येत नाही' असं गोड उत्तर येतं.

कॅम्डेन बरो १९६५ मध्ये हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न असे तीन जुने बरो जोडून केला (होबर्नच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, बोलताना गिळायचा). साधारण २२ चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेत २ लाख १० हजार लोक. तीन तुकडे जोडलेत ते अजूनही दिसतं. दक्षिणेला होबर्न आणि ब्लूम्सबरी, तिथे ब्रिटिश म्युझियम, युनिव्हर्सिटी, वकिलांच्या जुन्या वास्तू आणि ऑफिसं. मधे यूस्टन, किंग्ज क्रॉस, सॉमर्स टाऊन, कॅम्डेन टाऊन, केंटिश टाऊन, म्हणजे रेल्वे, कालवा, बाजार आणि कौन्सिलच्या इमारती. उत्तरेला चढ लागतो आणि चढासोबत भाडंही चढतं, तो हॅम्पस्टेड आणि हायगेटचा भाग. तर कॅम्डेन टाऊन हा बरोमधला फक्त एक भाग आहे, जिथे टुरिस्ट येतात तो.

पहिला सापळा इथेच आहे: पोस्टकोड म्हणजे बरो नाही. किलबर्न हाय रोडची एक बाजू कॅम्डेनमध्ये आणि समोरची बाजू ब्रेंटमध्ये, पोस्टकोड दोन्हीकडे एनडब्ल्यू ६. हायगेटचंही तेच. श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाऊस जिथे होतं आणि सावरकर जिथे राहिले ते क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं घर बघायला मी केंटिश टाऊनहून चालत गेले होते, हायगेटच आहे म्हणून कॅम्डेनच असणार असं धरून चालले होते, तर ते निघालं हॅरिंगेमध्ये. दर्शनाला फरक पडत नाही, पण भाड्याचं घर घेताना पडतो, कारण टॅक्स वेगळा, कचऱ्याचे दिवस वेगळे, पार्किंगचं परमिट वेगळं. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकला की कुठली कौन्सिल ते लगेच कळतं, घर बघायला जायच्या आधीच बघा.

२. कुठला भाग तुमच्या सोयीचा

माझं मत अगदी स्पष्ट आहे, भाग निवडताना आधी ट्यूबची लाइन बघायची, मग चढ, आणि घराचे फोटो सगळ्यात शेवटी.

यूसीएल किंवा ब्लूम्सबरीतल्या इतर कॉलेजांना येणार असाल आणि पैशांची ओढाताण असेल तर केंटिश टाऊन किंवा किलबर्नला शेअरिंगमध्ये खोली बघा. केंटिश टाऊनहून कॉलेजला बसने येता येतं, हवा चांगली असेल तर चालतही. सॉमर्स टाऊन म्हणजे यूस्टन आणि किंग्ज क्रॉसच्या मधला भाग, तिथे कौन्सिलच्या जुन्या इमारतींमधले फ्लॅट मिळतात, बाहेरून बघून नाक मुरडू नका. कौन्सिलने बांधलेले आणि नंतर खासगी झालेले हे फ्लॅट खोल्यांच्या मापात बरेचदा त्या गोंडस व्हिक्टोरियन घरांना मागे टाकतात. त्या व्हिक्टोरियन घरांचे चार-चार तुकडे केलेले असतात, वरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला तरी तुम्हाला कळतं.

वेस्ट हॅम्पस्टेड नोकरीवाल्या जोडप्यांना आवडतं कारण तिथे एकाच रस्त्यावर तीन स्टेशनं आहेत, ट्यूबची जुबिली लाइन, ओव्हरग्राउंड (जमिनीवरची लोकल) आणि थेम्सलिंकची रेल्वे. हॅम्पस्टेड आणि प्रिमरोज हिल सुंदर आहेत, रविवारी जाऊन बघा आणि घरी या. कॅम्डेन टाऊनच्या हाय स्ट्रीटवर घर घेऊ नका असं माझं प्रामाणिक मत, शनिवारी दुपारी तिथे दिवाळीच्या आदल्या रविवारचा लक्ष्मी रोड असतो आणि रात्री तो गोंधळ पबमधून बाहेर फुटपाथवर येतो.

३. घर घेताना

लागणारी कागदपत्रं:
– पासपोर्ट आणि ईव्हिसाचा शेअर कोड (यावरून मालकाला तुमचा व्हिसा तपासता येतो, हा ऑनलाइन काढायचा, ९० दिवस चालतो, व्हिसाचं जुनं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड आता चालत नाही)
– ऑफर लेटर किंवा युनिव्हर्सिटीचं पत्र
– पगाराच्या स्लिप, किंवा भारतातल्या बँकेचं स्टेटमेंट
– आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र, असलं तर
– गॅरेंटर म्हणजे भाड्याचा जामीनदार मागतील, तो इथला लागतो, युनिव्हर्सिटी त्यासाठी मदत करते का ते आधी विचारा

आता पैशाचं. २०१९ च्या कायद्यापासून एजंटला भाडेकरूकडून 'रेफरन्स फी', 'ॲडमिन फी' वगैरे घेता येत नाही. घर अडवून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं, आणि डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं (वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या आत असेल तर, आपलं आतच असतं). डिपॉझिट मालकाच्या खिशात राहत नाही, ३० दिवसांच्या आत सरकारमान्य स्कीममध्ये जमा करावं लागतं आणि त्याचा कागद तुम्हाला मिळायला हवा. माझ्या किलबर्नच्या घराच्या वेळी एका एजंटने 'इन्व्हेंटरी चेक'चे (घरातल्या सामानाची यादी तपासायचे) म्हणून पैसे मागितले होते, मी नवीन होते, देऊन टाकले. सहा महिन्यांनी ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की हे घेताच येत नाही. मग कायद्याचं नाव टाकून एक ईमेल लिहिला आणि आठवड्यात पैसे परत. भांडण नाही, फोन नाही, एक ईमेल. तेव्हा लाजू नका.

फेसबुकवर 'मी सध्या बाहेरगावी आहे, आधी डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल' असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा. कितीही फोटो असू देत. स्वतः जाता येत नसेल तर ओळखीच्या कोणाला तरी पाठवा, व्हिडिओ कॉलवर नळ सोडून बघायला सांगा, खिडक्या उघडून बघायला सांगा, आणि कपाटामागची भिंत दाखवायला सांगा. ओल असली की ती तिथे असते.

तीन किंवा जास्त जण जे एका कुटुंबातले नाहीत ते एका घरात राहणार असतील तर कॅम्डेनमध्ये त्या घराला कौन्सिलचं लायसन्स लागतं. एजंटला विचारा, लायसन्स आहे का. उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जाऊ नका.

राहायला आलात त्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो, आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ. गालिच्यावरचा डाग, ओव्हनचा आतला भाग, बाथरूमच्या सांधीतलं काळं, सगळं. हा व्हिडिओ त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करा म्हणजे तारीख राहते. मी डिपॉझिटचं भांडण जिंकले ते या एका व्हिडिओवर, गाद्यांवरचा डाग आमच्या आधीचा होता.

सामान व्हॅनमधून आणणार असाल तर अजून एक, इथे पार्किंग परमिटवर चालतं, व्हॅन दारात लावायची तर कौन्सिलकडून ती जागा आधीच बुक करावी लागते. आदल्या दिवशी आठवलं तर उपयोग नाही.

४. कौन्सिल टॅक्स: हे बिलच तुमची चावी आहे

हो, घरपट्टीसारखंच, फक्त ती इथे घरात राहणारा भरतो. राहायला आलात की त्याच आठवड्यात कॅम्डेन कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव नोंदवा. कोणी बोलावत नाही, पण बिल मात्र राहायला आलेल्या तारखेपासून लागतं, उशिरा नोंदवलं तर मागचं सगळं एकदम अंगावर येतं. घराचा बँड ए ते एच असतो, त्यावर रक्कम ठरते, आणि साधारण दहा हप्त्यांत भरायचं असतं. भाडं ठरवताना हा आकडा विचारायचा विसरू नका, महिन्याच्या खर्चात तो चांगलाच जाणवतो.

एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट. घरातले सगळे फुल टाइम स्टुडंट असतील तर काहीच भरायचं नाही, पण ते आपोआप होत नाही, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट कौन्सिलला पाठवावं लागतं. आणि हा खरा सापळा ऐका: चार स्टुडंट आणि एक नोकरीवाला असं घर असेल तर बिल येतं, सूट धरून का होईना, आणि मग ते कोणी भरायचं यावरून मैत्री तुटते. आधीच लिहून ठेवा.

या बिलाला मी चावी म्हणते कारण त्यावर तुमचं नाव आणि पत्ता असतो आणि ते इथे सगळीकडे चालतं. बँक, पार्किंगचं परमिट, ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास, सगळं. पहिलं खातं ॲपवाल्या बँकेत पासपोर्टवर उघडा, मग हे बिल आलं की पाहिजे त्या बँकेत जा. आणि ब्रॉडबँड किंवा विजेचं एक तरी बिल नवऱ्याच्या आणि एक बायकोच्या नावावर ठेवा. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांचं हे नेहमी राहून जातं, सगळं नवऱ्याच्या नावावर आणि मग स्वतःच्या पत्त्याचा एक कागद नाही. माझंही तेच झालं होतं, पहिले चार महिने मी कागदोपत्री कुठेच राहत नव्हते.

टीव्ही लायसन्सचं पत्र येईल, लाल अक्षरांचं, घाबरवणारं. लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसी आयप्लेअर बघत नसाल तर लायसन्स लागत नाही, तसं कळवता येतं. क्रिकेटची मॅच टीव्हीवर लाइव्ह बघणार असाल तर लागतं, मग ती लॅपटॉपवर का असेना.

५. डॉक्टर: आजारी पडायच्या आधी

आपल्याकडे ताप आला की खालच्या दवाखान्यात जाऊन बसतो. इथे तसं जाता येत नाही, जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, आधी नाव नोंदवायचं. व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज भरलेला असतो, त्यामुळे जीपी बघायला पैसे नाहीत. नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र द्यायलाच पाहिजे असं नाही, रिसेप्शनवर कोणी अडवलं तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या नियमात तसं नाही. जवळचे दोन-तीन जीपी बघा, कुठे ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळते ते बघा.

घसा, मुलांचं (१७ वर्षांपर्यंत) कान दुखणं, सायनस, बायकांची लघवीची जळजळ अशा काही ठरावीक तक्रारींसाठी २०२४ पासून औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो, जीपीची वाट बघायला नको. रात्री-अपरात्री शंका असेल तर १११ ला फोन, जिवावरचं असेल तर ९९९. इमर्जन्सीसाठी यूस्टन रोडला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल आहे आणि वर हॅम्पस्टेडला रॉयल फ्री. मोठी हॉस्पिटलं आहेत, पण साध्या तापासाठी इमर्जन्सीत गेलात तर तासन्‌तास बसाल, डबा घेऊन जा.

६. ट्यूब, बस आणि नॉर्दर्न लाइनचा घोळ

बरोचा बहुतेक भाग प्रवासभाड्याच्या झोन १ आणि २ मध्ये येतो. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर येताना दोन्हीकडे कार्ड किंवा फोन टॅप करायचा, बसला फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. पहिल्या टॅपपासून एका तासात कितीही बस बदला, भाडं एकदाच. आणि फोन व कार्ड वेगळे धरले जातात, एकाच बँक खात्याचे असले तरी. आत जाताना फोन आणि बाहेर येताना कार्ड केलंत तर दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हीचे जास्तीत जास्त पैसे कापले जातात.

नॉर्दर्न लाइन. ही कॅम्डेन टाऊनला दुभंगते, दोन्हीकडे. खालून येताना एक बँकवरून, एक चेअरिंग क्रॉसवरून, आणि वर जाताना एक एजवेअरकडे, एक हाय बार्नेटकडे. केंटिश टाऊन हाय बार्नेटच्या फांदीवर आहे, हॅम्पस्टेड एजवेअरच्या. पहिल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी दमून बसले, डोळा लागला, आणि उघडला तेव्हा एजवेअरच्या फांदीवरचं गोल्डर्स ग्रीन. बाहेर पाऊस, हातात भाजीची पिशवी. तेव्हापासून गाडीच्या पुढच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचल्याशिवाय मी चढत नाही. कॅम्डेन टाऊनला बदलायचं असेल तर सरळ प्लॅटफॉर्मवर जाऊन उभं राहू नका, दोन प्लॅटफॉर्मच्या मधल्या बोळात थांबा, तिथला बोर्ड बघा आणि जी आधी येईल तिकडे पळा. जुने लोक सगळे तसंच करतात, दादरच्या पुलावर उभं राहून आधी येणाऱ्या लोकलकडे धावतात ना, अगदी तसं.

आई-बाबा येणार असतील तर हीथ्रोहून पिकॅडिली लाइन सरळ किंग्ज क्रॉसला येते आणि तिथे लिफ्टने रस्त्यापर्यंत येता येतं. कॅम्डेन टाऊनला लिफ्ट नाही, मोठ्या बॅगा घेऊन तिथे उतरवू नका. हॅम्पस्टेड हे ट्यूबचं सगळ्यात खोल स्टेशन, जमिनीखाली ५८ मीटर, लिफ्ट आहे पण बाबांना 'जिन्याने जाऊ, तेवढाच व्यायाम' म्हणू देऊ नका, ३०० च्या वर पायऱ्या आहेत.

आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगते, एक दिवस २४ नंबरची बस पकडा. हॅम्पस्टेड हीथ या मोठ्या मोकळ्या माळरानाच्या पायथ्याशी, रॉयल फ्रीच्या जवळून निघते, कॅम्डेन टाऊन, ट्राफल्गर स्क्वेअर, वेस्टमिन्स्टर करत पिमलिकोला जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट. टुरिस्ट बसला पैसे घालवू नका.

गाडी घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. यूस्टन रोडच्या दक्षिणेला कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचे पैसे), सगळ्या लंडनला जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा नियम, आणि घरासमोर लावायलाही परमिट.

७. घरातल्या तीन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही

फोडणी आणि स्मोक अलार्म. हे सगळ्यांचंच होतं. मोहरी तडतडली, मिरची पडली की अलार्म सुरू, आणि काही इमारतींत तो सगळ्या मजल्यांना जोडलेला असतो. अलार्म काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं चालत नाही, पकडले गेलात तर मालक घराबाहेर काढायचं कारण शोधतच असतो. खिडकी आधी उघडा, एक्झॉस्ट आधी लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा आणि मगच तेल तापवा. क्रम महत्त्वाचा, म्हटलं ना.

ओल. थंडीत खिडक्या बंद, आत कुकर, आत वाळत घातलेले कपडे, आणि फेब्रुवारीत भिंतीला काळी बुरशी. रोज दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, थंडी वाजली तरी. बुरशी दिसली की फोटो काढून मालकाला ईमेल, तोंडी सांगू नका.

कचरा. रिसायकलिंग वेगळं, उष्टं-खरकटं वेगळ्या डब्यात, बाकीचं वेगळं, आणि दिवस रस्त्यानुसार ठरतात, कौन्सिलच्या साइटवर पोस्टकोड टाकून बघायचे. दुकानांच्या वर राहत असाल तर पिशव्या ठरलेल्या वेळेतच बाहेर. मी एकदा मोडकी खुर्ची 'न्या कोणीतरी' अशी चिठ्ठी लावून फुटपाथवर ठेवली, समोरच्या आजींनी येऊन सांगितलं की बाळा, यावर दंड होतो, आत घे. गादी, कपाट असलं मोठं सामान कौन्सिलला सांगून न्यायला बोलवायचं.

८. किराणा आणि आपलं माणूस

यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट आहे, छोटा रस्ता, पण इथली देशी जेवणाची जुनी जागा. अंबालाचं मिठाईचं दुकान १९६५ पासूनचं, आणि दिवाना भेळपुरी हाउस १९७० च्या दशकापासून. भेळ आपल्या चौपाटीची नाही, हे आधीच सांगते, पण डोसा, फरसाण, मसाले, कढीपत्ता मिळून जातो. शेजारी यूस्टनला हाय स्पीड रेल्वेचं काम वर्षानुवर्षं चाललंय, पत्र्यांमुळे रस्ता सापडत नाही, विचारत जा.

महिन्याचा मोठा किराणा भरायचा तर यूस्टनहून ओव्हरग्राउंडची लायनेस लाइन पकडून वेम्ब्ली सेंट्रल, तिथून ईलिंग रोड चालत. ज्वारीचं पीठ, गुळाची ढेप, पोहे, सगळं. ट्रॉलीवाली बॅग न्या, परतीला हात तुटतात.

महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, त्यांची स्वतःची वास्तू डॉलिस हिलला, म्हणजे ब्रेंटमध्ये, पण वेस्ट हॅम्पस्टेडहून जुबिली लाइनने तिसरं स्टेशन. गणपतीला जा, दिवाळीला जा. मी पहिल्या वर्षी 'जाऊ नंतर' करत बसले आणि एकटीने मोदक केले, फुटले.

९. मत द्या, खरंच

हे ऐकून सगळे दचकतात. भारतीय पासपोर्टवाला माणूस कॉमनवेल्थ नागरिक धरला जातो, त्यामुळे व्हिसावर इथे राहत असलात तरी कौन्सिलच्या आणि संसदेच्या दोन्ही निवडणुकांत मत देता येतं. नाव ऑनलाइन नोंदवायचं, पाच मिनिटांचं काम. २०२३ पासून फोटोचं ओळखपत्र लागतं, आपला पासपोर्ट चालतो. २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले कीअर स्टार्मर होबर्न आणि सेंट पँक्रसचेच खासदार, म्हणजे त्यांच्या मतदारसंघात माझ्यासारखी ठाण्याची बाई रांगेत उभी होती. वरून फायदा असा की मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरला मदत होते, मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट मिळायला सोपं जातं.

१०. कामं झाली, आता बाहेर पडा

लायब्ररीचं कार्ड काढा. किंग्ज क्रॉसला ५ पँक्रस स्क्वेअर म्हणून इमारत आहे, एकाच ठिकाणी कौन्सिलचं ऑफिस, लायब्ररी आणि पोहण्याचा तलाव. हिवाळ्यात घर गार पडतं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जाऊन बसायचे, हीटिंगचं बिल वाचतं. ब्रिटिश लायब्ररी तिथून पाच मिनिटांवर, ईस्ट इंडिया कंपनी आणि इंडिया ऑफिसचे कागद तिथेच आहेत, इतिहासात रस असेल तर रीडर पास काढा, फुकट आहे, पण पत्त्याचा एक आणि सहीचा एक असा पुरावा मूळ कागदांत लागतो.

कॅम्डेन मार्केट १९७४ ला कालव्याकाठच्या थोड्याशा स्टॉलपासून सुरू झालं, आता अफाट आहे, बघायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळी. रोजच्यासाठी केंटिश टाऊनजवळचा क्वीन्स क्रेसेंट बाजार, गुरुवारी आणि शनिवारी, वाटीभर केळी, वाटीभर टोमॅटो एका पौंडाच्या आसपास अशी हाळी ऐकली की मला नौपाड्याची आठवण येते. लहान मुलं असतील तर केंटिश टाऊन सिटी फार्म, १९७२ चं, गाय, शेळ्या, कोंबड्या, प्रवेश फुकट. कालव्याच्या काठाने कॅम्डेन लॉक ते किंग्ज क्रॉस अर्ध्या तासाच्या आत चालून होतं, फक्त मागून सायकलची घंटी आली की कडेला व्हा, पाण्याच्या बाजूला नको.

हॅम्पस्टेड हीथ ३२० हेक्टरचं आहे आणि गंमत म्हणजे ते कॅम्डेन कौन्सिल सांभाळत नाही, सिटी ऑफ लंडन सांभाळते. पार्लमेंट हिलवर संध्याकाळी जा, ९८ मीटर उंची, अख्खं शहर समोर. शूज चांगले घाला, पावसानंतर तिथला चिखल कोकणातल्या वाटेसारखा.

आणि १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून रेल्वेचा पूल ओलांडून प्रिमरोज हिलच्या बाजूला गेलं की येतं. लंडनला शिकत असताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं. संग्रहालय करायची परवानगी कौन्सिलने आधी नाकारली होती, २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली. आजूबाजूला लोकांची राहती घरं आहेत, त्यामुळे मोठा ग्रुप घेऊन दारात घोषणा देऊ नका, जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघा. बाबासाहेब ज्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाले ती होबर्नला, म्हणजे याच बरोत, आणि टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमधला गांधींचा पुतळा यूसीएलच्या अगदी जवळ, १९६८ चा. एका दिवसात तिन्ही होतात, मधे ड्रमंड स्ट्रीटला जेवायचं.

भाचीची कालची व्हॉइस नोट होती, मावशी कुकर आणू का. आण. ईलिंग रोडला कुकर मिळतात पण तुझ्या कुकरच्या मापाची रिंग मिळेलच असं नाही, तेव्हा दोन रिंगा आणि एक जास्तीची शिट्टी कपड्यांमध्ये गुंडाळून आण. आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधी खिडकी उघड.